बिनझाडाचा दिवस

१

सकाळी उठलो की चहाच्या आधी कुंपणाला एक फेरी घालायची, ही माझी फार जुनी सवय. साठ वर्षं मी लोकांची कुंपणं धरली. तारेची नव्हेत, जिवंत झाडांची. खोड बुंध्याशी तिरपं कापायचं, पण पुरतं तोडायचं नाही, सालीचा एक पट्टा शाबूत ठेवायचा आणि मग ते सावकाश आडवं निजवायचं. त्या पट्ट्यातून रस चढत राहतो. निजवलेलं खोड मरत नाही, उलट अंगभर फुटतं. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.

आमच्या घरामागच्या आवाराला असंच कुंपण आहे, आणि त्यात आमची माणसं आहेत. म्हणजे असं, की घरात मूल जन्मलं की त्याच्या नावाचा एक ओला खुंट त्या कुंपणात ठोकायचा. माझ्या आईच्या काळी हाताला लागेल त्या झाडाचा ठोकत. काही रुजले, काही कुजले. माझा रुजला. थोरल्या भावाचा कुजला, आणि तो नव्वदीला टेकलाय, बॉस्टनमध्ये अजून पायी बाजाराला जातो. त्यामुळे या गोष्टीवर मी कधी फार भार टाकला नाही. पण खुंट ठोकायचा राहिला, असंही आमच्यात कधी झालं नाही.

फेरी घालताना मी वाटा बघतो. जनावरं कुंपणातून जाऊन-येऊन आपापली वाट पाडतात. सशाची वाट अरुंद, गुळगुळीत. कोल्ह्याच्या वाटेवर काट्याला केस अडकलेले. बिज्जूची म्हणजे कुणीतरी पोतं ओढत नेल्यासारखी. कोण येतं ते मी वाट बघून सांगतो. आणि आत आलेलं जनावर बाहेर जातंच, त्यामुळे वाटेतलं गवत दोन्हीकडे पांगलेलं असतं, विस्कटलेल्या केसांसारखं.

पुढचं सगळं त्या गवतापासून सुरू झालं, म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

२

माझा मुलगा फर्गल दुधाचा टँकर चालवतो. त्याची बायको ब्लॉनिद पाट्या रंगवते. गोल पाटी, तिच्यावर वर्षाची तेरा झाडं, प्रत्येकाचे अठ्ठावीस दिवस. ज्या दिवसांत तुमचा जन्म, ते तुमचं झाड. भूर्जाचा माणूस पुढाकार घेणारा, विलोचा चंद्रासारखा जागा राहणारा, हेझलचा हुशार, वर्षाच्या शेवटाला एल्डर, त्याचा माणूस सगळं सोसून उरणारा. शनिवारच्या बाजारात या पाट्या बऱ्या जातात.

फर्गल हेझलचा. तो एकदा म्हणाला, "हेझलवाले हुशार ना? मग मी गाडीच्या परीक्षेत तीनदा कसा नापास झालो?"

"पुस्तकात झाडाबद्दल लिहिलंय," ब्लॉनिद म्हणाली, "ओंडक्याबद्दल नाही."

मला ही पोर पहिल्या दिवसापासून आवडली. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात म्हणाली, "बाबा, माझाही खुंट हवा. विलोचा. याच्या शेजारी." सुनांचा खुंट ठोकायची आमच्यात रीत नव्हती, पण मी ठोकला. फर्गलच्या हेझलपासून दोन हातांवर. विलोच तो, चार महिन्यांत पानं धरली.

तिला दिवस गेले. चौदा जानेवारी ही तारीख दिली डॉक्टरांनी. म्हणजे भूर्ज. वर्षाचं पहिलं झाड, सुरुवातीचं. ब्लॉनिदनं पाटीवर त्या जागी एक पिवळा ठिपकासुद्धा देऊन ठेवला.

इथं माझी चूक झाली. आमच्याकडे मूल जन्मायच्या आधी त्याची बाबागाडी घरात आणत नाहीत, अपशकुन मानतात. ब्लॉनिदची बाबागाडी आमच्या नर्सबाईंच्या, अट्रॅक्टाच्या, पडवीत झाकून ठेवलेली होती. मीच नेऊन ठेवली होती ती. इतकं मला कळत होतं. आणि तरी डिसेंबरच्या सुरुवातीला, जमीन मऊ आहे, जानेवारीत दगडासारखी होईल, असा विचार करून मी हेझल आणि विलोच्या मधली जागा मोकळी केली. काटेरी झुडपं उपटली, जुनं वाळलेलं खोड काढलं, खुंटासाठी खड्डा केला. पाणथळाच्या कडेचा एक सरळसा भूर्ज कापला आणि मागच्या दाराशी पाण्याच्या बादलीत उभा करून ठेवला.

कामाच्या माणसाला तयारीत पाप दिसत नाही. येणाऱ्या पोरासाठी जागा उघडून ठेवायची, ती गाडी काय आणि कुंपण काय, एकच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

३

पोर तीन आठवडे आधी आली. तेवीस डिसेंबरला, दुपारी.

इस्पितळात गेलो तेव्हा ब्लॉनिद उशीला टेकून बसली होती आणि फर्गल पोरीला असा धरून उभा होता की जणू दुधानं काठोकाठ भरलेलं भांडं. सोरखा नाव ठेवलं. सोरखा म्हणजे उजेड. वजन दोन किलो सहाशे. लहान, पण सगळं जागच्या जागी.

"बाबा, हिनं गंमत केली," ब्लॉनिद म्हणाली. "आजचा दिवस कुणाचाच नाही."

"म्हणजे?"

"तेरा गुणिले अठ्ठावीस करा ना. तीनशे चौसष्ट. एक दिवस उरतो. काल एल्डर संपला, उद्या भूर्ज सुरू. मधला आजचा. बिनझाडाचा दिवस."

"आठ-नऊ तास दम धरला असता तर भूर्ज मिळत होता," फर्गल म्हणाला. "आईवर गेलीय. हिलाही कुठं पोचायचं म्हटलं की आधी जाऊन बसायची घाई."

हसलो सगळे. मग मी विचारलं, "खुंट कसला ठोकू?"

ब्लॉनिदनं ओठ दाबून विचार केला. "भूर्ज नको. तो हिचा नाही. खोटा ठोकायचा तर न ठोकलेला बरा. बघू या, सुचेल काहीतरी."

मीही म्हटलं, बघू या. ती जागा उघडी राहिली.

४

पोर घरी आली ती शांत. इतकं शांत मूल मी पाहिलं नव्हतं. डोळे टक्क उघडे, पण रडणं नाही. तोंड उघडायची, आता टाहो फोडणार असं वाटायचं, आणि तेवढ्यात कुणी समजूत घातल्यासारखं तोंड मिटायची. दूध दिलं तर चार घोट घ्यायची. मागायची मात्र नाही.

पहिले काही दिवस आम्ही खूश. फर्गल टँकरवर सगळ्यांना सांगत फिरला.

अट्रॅक्टा दर आठवड्याला काटा घेऊन यायची. तीन जानेवारीला तिनं पोरीला काट्यात निजवलं, आकडा बघितला, उचललं, पुन्हा निजवलं.

"दोन किलो चारशे दहा. जन्माला आली त्यापेक्षा कमी. रडते का ही?"

"नाही हो," फर्गल म्हणाला. "फार गुणी."

"गुणी मुलं मला आवडत नाहीत," अट्रॅक्टा काटा पुसत म्हणाली. "उपाशी मुलानं घर डोक्यावर घ्यायला पाहिजे. मॅलकीकाका, तुम्ही चार पोरं वाढवलीत. असलं गप्प बाळ बघितलंय कधी?"

मी नाही अशी मान हलवली. स्वयंपाकघरातल्या चुलीत टर्फची, वाळवलेल्या दलदलीच्या मातीची, जळती वीट मोडून पडली, तेवढाच आवाज. पोर काट्याच्या ताटलीत पडून छताकडे नव्हे, जरा डावीकडे बघत होती. तिथं काहीच नव्हतं. रिकामी भिंत.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीत मी त्या उघड्या जागेशी थांबलो. तिथं वाट पडली होती.

गुडघाभर उंचीची नव्हे, मोठी. दोन्ही बाजूंच्या काड्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर घासून गुळगुळीत झालेल्या. काट्याला केस नाही, लोकर नाही. खाली पाऊल नाही. आणि गवत सगळं आतल्या बाजूला पडलेलं, आमच्या घराकडे. एक काडी बाहेर वळलेली नव्हती.

मी उकिडवा बसून कितीतरी वेळ बघत राहिलो. वारा असेल म्हणावं, तर आमच्याकडे वारा पश्चिमेचा, तो गवत उलटं पाडतो. मेंढी असेल म्हणावं, तर मेंढी लोकर सोडते. वय झालं, नजर दगा देते, असंही म्हटलं. हाताने गवत सरळ केलं आणि घरात आलो.

फर्गल पावाला लोणी लावत होता. म्हणाला, "बाबा, तुझं बरं जमतं हं तिच्याशी."

"काय?"

"पहाटे तिला गप्प करतोस ते. मी पडल्या पडल्या ऐकतो. शू… शू… करतोस. मला सुद्धा झोप लागते."

"मी पहाटे कुंपणावर असतो रे."

"मग ब्लॉनिद असेल."

ब्लॉनिद चुलीशी पाठमोरी उभी होती. ती वळली. "मला वाटायचं बाबा असतात," ती म्हणाली. "दुपारी पण."

फर्गल लोणी लावायचा थांबला नाही. पण त्याच एका तुकड्याला तो कितीतरी वेळ लावत बसला.

६

जुन्या घरात आवाज असतात, ते मला ठाऊक आहे. धुरांड्यातून वारा खाली आला की फुसकारतो. मी त्याच दिवशी धुरांडं साफ केलं. पाळण्याच्या खोलीतल्या खिडकीच्या फटीत चिंध्या भरल्या. दाराखाली जुना कोट गुंडाळून लावला. पाण्याचा नळ बंद केला. मग त्या खोलीत खुर्ची टाकून तासभर बसलो. काही नाही. पोर जागी, मी जागा. मनाशी म्हटलं, चला, धुरांडंच होतं.

चार वाजता आम्ही तिघं स्वयंपाकघरात चहाला बसलो. बाहेर दिवस कलला होता, बारीक पाऊस होता. फर्गल कुठल्याशा गोठ्यातली गंमत सांगत होता. मधेच खोलीतून पोरीचा घसा खाकरल्यासारखा आवाज आला. अगदी बारीक. रडण्याच्या आधीचा.

ब्लॉनिद उठायला लागली.

आणि खोलीतून आवाज आला, "शू… शू… शू…"

मऊ. सावकाश. अंगाई म्हणून थकलेल्या बाईसारखा. धुरांडं असं श्वास घेत नाही. दोन शू-शूंच्या मध्ये कुणीतरी श्वास घेत होतं.

आम्ही तिघं टेबलाशी. मी मोजलं. मोजायचं काय त्यात, तिघंच. पण मोजलं.

फर्गल एवढा आडदांड गडी, त्यानं दार पायानं उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. माझी खुर्ची मी भिंतीशी ठेवली होती, ती तिथंच. पाळणा हलत नव्हता. पोर डावीकडे वर बघत होती, तोंड नुकतंच मिटलेलं. तिची शाल मात्र हनुवटीखाली नीट खोचलेली होती, दोन्ही कडा आत, घट्ट.

"तू खोचलीस?" फर्गलनं बायकोला विचारलं.

"मी कधीच अशी खोचत नाही," ब्लॉनिद म्हणाली.

७

तालुक्याच्या इस्पितळात दोन दिवस ठेवलं तिला. रक्त तपासलं, घसा बघितला, फोटो काढले. सगळं ठीक. आवाजाच्या तारा ठीक, जीभ ठीक. नळीनं दूध पाजलं तर पचतं, मग मागत का नाही, याला डॉक्टरकडे उत्तर नव्हतं.

मला जरा आशा होती, खोटं कशाला बोलू, की घराबाहेर गेल्यावर सुटेल. परत आल्यावर ब्लॉनिदनं कोटसुद्धा काढला नाही. म्हणाली, "शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मला विचारलं, तुमची ती कोण बसलेली असते पाळण्याशी? म्हणाली, फार मायेची आहे हो. आमच्या पोराला पण गप्प करायला सांगा तिला."

"कशी दिसते म्हणाली?"

"ते मी विचारलं नाही, बाबा." तिचे डोळे भरून आले. "मला नको होतं ते."

अट्रॅक्टानं पुन्हा वजन केलं. दोन किलो तीनशे. तिनं या वेळी विनोद केला नाही. "शुक्रवारपर्यंत काटा वर सरकला नाही तर डब्लिनला पाठवणार," ती म्हणाली. "आणि डब्लिनला काय करतील ते मला माहीत नाही, मॅलकीकाका. तुमच्याशी खोटं बोलत नाही. अशी बाळं विझतात. निमूट."

शुक्रवार म्हणजे चौदा जानेवारी.

ती गेल्यावर मी दोघांना गवताचं सांगितलं. इतके दिवस बोललो नव्हतो, लाज वाटत होती. मीच जागा उघडली, पोर यायच्या आधी, हेही सांगितलं.

फर्गलचा चेहरा लाल झाला. "म्हणजे गाडी पडवीत ठेवलीस आणि दार सताड उघडं टाकलंस. शाबास, बाबा."

"फर्गल," ब्लॉनिद म्हणाली.

"नाही, म्हणू दे त्याला," मी म्हटलं. "बरोबर आहे त्याचं."

८

शुक्रवारी सकाळी बर्फासारखी थंडी पडली, पण ऊन स्वच्छ होतं. मी मोगरी घेतली, बादलीतला भूर्ज घेतला आणि ठोकून टाकायला निघालो. तिचा असो नसो, भोक बुजलं पाहिजे. फर्गल मागून आला. रागावलेला होता, पण आला.

खुंट खड्ड्यात धरला, मोगरी उचलली, आणि माझा हात वरच राहिला. गवत पुन्हा आतच पडलेलं होतं.

"मार की," फर्गल म्हणाला.

"आत आहे ते. बुजवलं तर आतच राहील."

"मग?"

मी मोगरी खाली ठेवली आणि बुंध्यावर बसलो. आत शिरलेल्या जनावराला हाकलू नये, हे मला कळतं. हाकललं की ते कोपऱ्यात दडतं. त्याला मागं येण्याजोगं काहीतरी द्यावं लागतं. कुंपणांआधी बापाबरोबर मी मेंढ्या राखल्या होत्या. मेंढीचं कोकरू मेलं की ती वेडी होते, दुसऱ्याच्या पिल्लाला हुंगत फिरते, सोडत नाही. तिला मारून काय उपयोग? पोरक्या कोकराच्या अंगावर मेलेल्याचं कातडं चढवायचं आणि तिच्यापुढे ठेवायचं. ती वास घेते, आपलं म्हणते, आणि त्याच्या मागं जाते.

भूर्ज माझ्या हातात होता. चौदा जानेवारीच्या पोरीसाठी कापलेला. ती पोर आलीच नव्हती. तिच्यासाठी जागा उघडली, तिच्या नावाचा पिवळा ठिपका दिला, आणि ती आली नाही. आली ती दुसरी.

"शाल आण," मी फर्गलला म्हटलं. "तिच्या अंगावरची. धुतलेली नको."

तो काही विचारणार होता. माझ्याकडे बघून गेला. येताना शालीबरोबर माझा कोयताही घेऊन आला. ब्लॉनिद पोरीला छातीशी धरून मागच्या दारात उभी राहिली. तिला मी सांगितलं, तिथून हलू नकोस, आणि आज पोरीला काही झालं तरी गप्प करू नकोस.

मी भूर्जाचा खुंट शालीत गुंडाळला. दुधाचा, पोरीच्या मानेचा वास येत होता. तो बाळासारखा कुशीत घेतला. वेडपट दिसत असणार मी. मग दारापाशी गेलो, पोरीच्या अगदी जवळ, आणि खुंटाला म्हटलं, "शू… शू…" तसंच, सावकाश. आणि वळून कुंपणाकडे चालू लागलो.

"मी बाहेर पडलो की तू हेझल काप," मी चालता चालता फर्गलला सांगितलं. "तुझाच आहे. बुंध्याशी, तिरपा. पट्टा ठेव. मग हिचा विलो तिकडून. दोन्ही आतल्या आत निजवून एकमेकांत गुंफ."

"मी कधी केलं नाही, बाबा."

"साठ वर्षं बघतोयस ना?"

"चाळीस," तो म्हणाला. "आणि नीट कधी बघितलं नाही."

वाटेतून वाकून मी पलीकडे शेतात गेलो. खांदे दोन्हीकडच्या गुळगुळीत काड्यांना लागले. दहा पावलं गेलो. वीस. गोठलेलं गवत माझ्या बुटांखाली मोडत होतं. मी "शू" म्हणत होतो. मग मी श्वास घ्यायला थांबलो, आणि शू चालूच राहिलं.

माझ्या डाव्या कानाशी. मऊ. थकलेलं.

म्हातारा माणूस घाबरला तरी पळू शकत नाही, हा एक फायदा. मी चालत राहिलो, ओढ्याच्या काठापर्यंत. कुशीतलं ओझं जड झालं होतं. खुंट एवढा जड नव्हता, मीच कापला होता तो. मी खाली वाकून ते गवतावर ठेवलं आणि हात काढून घेतले.

तेव्हा बघितलं. भर उन्हात, अकरा वाजता. शालीची एक कड उचलली गेली आणि खुंटाच्या वरच्या टोकाखाली, जिथं बाळाची हनुवटी असती, तिथं हळूच खोचली गेली. मग दुसरी कड. घट्ट, नीट, घाई न करता. खोचणं मी पाहिलं. हात पाहिला नाही. पाहिला असं म्हणणार नाही.

मी तसाच मागे मागे सरलो.

मागून कोयत्याचा आवाज येत होता, वेडावाकडा, शिकाऊ. मग एक खोड करकरत झुकल्याचा. "पट्टा!" मी ओरडलो. "पट्टा तोडू नकोस!"

"नाही तोडला!" फर्गल ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. "धरलाय! धरलाय!"

कुंपणाशी पोचलो तेव्हा हेझल आडवा झाला होता, आणि विलो त्याच्यावरून येत होता, फर्गलचे दोन्ही हात काट्यांनी रक्ताळलेले. खाली बघितलं. गवत बाहेर पडलं होतं. सगळं. शेताकडे, ओढ्याकडे, माझ्या पायांकडे. मी पलीकडून विलोचं टोक धरलं, त्यानं अलीकडून ओढलं, आणि आम्ही दोघांनी ते हेझलच्या आडव्या फांद्यांत विणून घट्ट केलं. त्यातून ससासुद्धा जाणार नव्हता.

आणि तेव्हा मागच्या दारातून तो आवाज आला.

रडणं म्हणू नये त्याला. किंकाळी होती. तीन आठवड्यांचं साठलेलं, भुकेचं, थंडीचं, रागाचं. आवारातल्या कोंबड्या उडाल्या. फर्गल कोयता टाकून मटकन खाली बसला, त्यानं रक्ताळलेल्या हातांत तोंड लपवलं आणि हसू लागला की रडू लागला, मला पलीकडून दिसलं नाही. दारात ब्लॉनिद ओरडत होती, "रड! रड ग माझे बाई! रड!"

मला मात्र घरी जायला फाटकापर्यंत लांबचा वळसा होता. मी निवांत चाललो. घाई नव्हती. आवाज सगळ्या शेतभर ऐकू येत होता.

९

हेझल आणि विलो दोन्ही जगले. फर्गलचा काप ओबडधोबड आहे, अजून दिसतो, पण पट्टा राहिला आणि रस चढला. सोरखाचा वेगळा खुंट आम्ही ठोकला नाही. लागलाही नाही.

ओढ्याकडे मी महिनाभर गेलो नाही. मग गेलो. तिथं काही नव्हतं, शालही नव्हती. ब्लॉनिद म्हणाली, "जाऊ द्या बाबा, शालच ती." काय होतं ते मला कळलं नाही, आणि मी कुणाला विचारलंही नाही. वाईट वाटतं कधी कधी. कुणाचंतरी काहीतरी यायचं राहून गेलं असेल.

त्या शुक्रवारनंतर पोरीनं आम्हाला बसू दिलं नाही. दर दोन तासांनी टाहो. वजन असं चढलं की अट्रॅक्टा म्हणाली, आता काटा मोठा आणायला हवा. फर्गल आणि ब्लॉनिद उठण्यावरून भांडू लागले, तुझी पाळी की माझी पाळी. फर्गल डोळे चोळत म्हणायचा, "आधीची बरी होती," आणि लगेच, नजर लागू नये म्हणून, टेबलावर हात आपटायचा, तीनदा, लाकडाला.

एका दुपारी दोघंही बसल्या जागी झोपून गेली, एक चुलीशी, एक जिन्याच्या पायरीवर. पोर उठली आणि सुरू झाली. मी तिला पाळण्यातून उचलून खांद्यावर घेतलं. कानाशी सगळा गोंगाट. तोंड लाल, मुठी आवळलेल्या. माझ्या ओठांवर आपोआप ते आलं, जे कुठल्याही माणसाच्या ओठांवर येतं. जीभ टाळूला लागलीसुद्धा.

मी ते गिळलं.

तिला घेऊन मी खोलीभर फेऱ्या मारत राहिलो आणि रडू दिलं, अगदी मनसोक्त, तिची आई जागी होऊन दूध घेऊन येईपर्यंत.